रुसवा नावाच्या निळ्या रंगाबाबत

मी, खाली सही करणारी, कापड रंगवण्याच्या दुकानाची अर्धी मालकीण, वय बहात्तर, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. हे स्वखुशीने लिहीत आहे. स्वखुशीने केलेल्या माझ्या गोष्टी फार नाहीत.

कलम १. आमच्या धुरकट निळ्या रंगाला 'रुसवा' म्हणतात. गिऱ्हाईक नावानेच मागते. आता भिंतींचा रंगसुद्धा त्या नावाने निघाला आहे. नवी नवरी रुसून वाळवणीच्या खोलीत बसली, कापडाला ऊन मिळाले नाही आणि हा रंग उतरला, असे मी गल्ल्यावर बसून जन्मभर हसत सांगितले. ते खोटे आहे. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. हजर होण्याची तारीख टळेपर्यंत मला ओल्या कापडांसकट तिथे कोंडले होते. नाव नंतर आमच्या यजमानांनी ठेवले. ते आता नाहीत. एकदा एका बाईला खरे सांगितले. "अय्या, किती गोड," म्हणाली आणि आणखी दोन मीटर घेऊन गेली.

कलम २. कुलूप लावले ते नणंदबाईंनी. ते त्यांना द्यावे. किल्ली त्यांच्याकडेच आहे.

कलम ३. दुकानातला माझा हिस्सा चिरंजीवांना. अट एकच, 'रुसवा' हे नाव पाटीवरून काढावे. ते ऐकणार नाहीत. "आई, नावावरच तर धंदा चालतो," म्हणतात. उद्या मला पुन्हा गल्ल्यावर बसवतील आणि मी बसेन. या वयात जाणार कुठे?

कलम ४. माझ्या सोन्याच्या पाटल्या सूनबाईला. तिला दुसऱ्या शहरात प्रयोगशाळेत नोकरी लागली. चिरंजीव म्हणाले, "तू गेलीस तर आईनंतर गोष्ट कोण सांगणार?" ती उठून आत गेली. तेव्हा ते गिऱ्हाइकांकडे बघून हसले, "रुसली." माझ्या मरणाची वाट बघत राहिली, तर तीही गल्ल्यावरच म्हातारी होईल. म्हणून पाटल्या आज सकाळीच तिच्या हातात घातल्या आणि तिला बसमध्ये बसवून आले. या कलमात आता देण्यासारखे काही उरलेले नाही.

चिरंजीवांस एवढेच सांगणे, की ती रुसून गेली असे कोणाला सांगू नये. ती नोकरीवर गेली.

साक्षीदार:
१. समोरचे शिंपीकाका (सही). वाचले, समजले.
२. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही).

लिहून देणार: दुकानातल्या काकू (सही)
स्थळ: शिंप्याची माडी
दिनांक: सूनबाई रुजू होण्याआधीचा रविवार