लोहाराच्या ऐरणीची व्यवस्था

मी, त्र्यंबक गोविंद लोहार, वय शहात्तर, मराठी चौथी उत्तीर्ण, मूळ राहणार मसूर, सध्या मुलाकडे एडिसन, न्यू जर्सी, माझ्या पश्चातची व्यवस्था स्वहस्ते लिहीत आहे. डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने समक्ष येऊन बोलावे.

कलम १. मसूरचे घर व भात्याची जागा कन्या सुमित्रा हिला. भावाने हरकत घेऊ नये.

कलम २. बँकेतील शिल्लक चिरंजीव नरेंद्र यास. या देशात आल्यावर त्याने लोहार हे आडनाव सोडून मसूरकर लावले. ऑफिसात सोपे पडते म्हणतो. कसे, ते मला अद्याप समजलेले नाही.

कलम ३. ऐरण. ती माझ्या वडिलांची. माझ्यामागून बोटीने येथे आली. गेल्या जुलैत गराज सेलच्या वेळी, म्हणजे घरातले जुने सामान दारात विकायला मांडले तेव्हा, सूनबाई पद्मजा हिने तिच्यावर किमतीची चिठ्ठी लावली. म्हणाली, "बाबा, इतकं हेवी घरात कोण ठेवतं?"

शेजारचे गुन्नर, मूळचे आइसलँडचे, ऐरणीपाशी थबकले व काही बोलले. नात कांचन मला म्हणाली, "आजोबा, ते विचारतायत, हू इज द स्मिथ? म्हणजे लोहार कोण?"

"सांग, समोर उभा आहे."

त्यांनी टोपी काढली. मग वेलँड लोहाराची कथा सांगितली, ती कांचनने मला मराठीत सांगितली. राजाने त्याच्या पायांच्या शिरा तोडून त्याला बेटावर राबवले. त्याने पंख घडवले आणि राजाच्या देखत उडून गेला. गुन्नर त्याला व्होलुंदुर म्हणतात. त्या नावाच्या मुळाशी कोणी कसब पाहतात, कोणी युक्ती. माझ्या मते दोन्ही योग्य. लोखंड नुसत्या जोराने वळत नाही. त्यांच्या देशात आजही उत्तम कारागिराला त्याच नावाने गौरवतात. एका लोहाराचे नाव तेथे पदवी झाले, आणि माझ्या मुलाच्या दारावर लोहार हे नाव पाटीपुरतेही नाही. चिठ्ठी मी त्याच क्षणी फाडली.

सबब, येत्या खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, नरेंद्रने ऐरण स्वतः पुजावी व जमलेल्या मराठी मंडळींसमोर "आम्ही लोहार" असे म्हणावे. म्हटल्यास ऐरण त्याची, अन्यथा गुन्नर यांची.

हे वाचून नरेंद्र म्हणाला, "बाबा, गोऱ्यांना सांगायला मला काहीच वाटत नाही. आपल्या लोकांसमोर जड जातं."

"म्हणूनच त्यांच्यासमोर."

 नंतर त्याने पूजेला काय काय लागते, ते विचारले. मी सांगितले. कलम मात्र बदललेले नाही.

साक्षीदार: पुरुषोत्तम साठ्ये, वीणा कोल्हटकर
स्थळ: एडिसन. दिनांक १४ सप्टेंबर १९८६
सही: त्र्यंबक गोविंद लोहार