पाच लिटरचा कॅन

सोमवार, ३ फेब्रुवारी
मुतखडा परत. डॉक्टरांना माझी चोवीस तासांची लघवी हवी आहे. खडे कशाने होतात ते त्यातून कळेल, नाही कळलं तर पुन्हा ऑपरेशन. लॅबमधल्या हितेंद्रने पांढरा कॅन दिला आणि सगळ्यांसमोर नियम समजावले. सकाळची पहिली सोडायची. नंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या सकाळच्या पहिलीसकट. कॅन फ्रिजमध्ये.

मला अवघड नाही. कॉन्व्हेंटची शिस्त. मी वर्गात एक बोट वर करून कधीच बाहेर गेले नाही, घंटा होईपर्यंत थांबायचे. चौथीतला तो एक दिवस सोडून. त्या दिवशी सिस्टर फिलोमिनांनी मला स्वतःच्या हाताने कोरडे कपडे घातले आणि लिमलेटची गोळी दिली. कोणालाही सांगितलं नाही.

चाळीतही कोणाला कळता कामा नये. संडास गॅलरीच्या टोकाला, वाटेत नऊ दारं. साडीच्या दुकानाची कापडी पिशवी काढून ठेवली आहे. संशय येणार नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी ६
पहिली सोडली. सुरुवात उत्तम.

सकाळी ९.१५
दोन फेऱ्या झाल्या. शेजारच्या राधाबाई दारात मेथी निवडत होत्या. पिशवीत काय, म्हणाल्या. म्हटलं, गावचं कोकमाचं आगळ. मग ते संडासात कशाला नेतेस, म्हणाल्या. म्हटलं, जरा फिरवून आणते, हवा लागलेली बरी. पटलं त्यांना.

सकाळी ११
कॅन फ्रिजमध्ये, दह्याशेजारी. गुणाजी म्हणाले, आज दही नको. लग्नाला अडतीस वर्षं झाली आणि नवऱ्याला बायकोची किळस. मी काही बोलले नाही. दोनदाच बोलले.

दुपारी ३.४०
दादरला रश्मीच्या मुलीचं बारसं. न जाऊन कसं चालेल. कॅन नेणं शक्य नव्हतं, म्हणून घरी येईपर्यंत थांबायचं ठरवलं. पीयूष आग्रहाने दोन ग्लास झालं. हॉलची बाथरूम फार स्वच्छ होती. फ्लश केल्यावर आठवलं.

संध्याकाळी ६
कॅनवरची खूण पाहिली. जेमतेम सातशे. हितेंद्र म्हणाला होता, दीड लिटर तरी हवं. पाणी घालणं म्हणजे फसवणूक, ती मी करणार नाही. गुणाजींना विचारलं. आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, "अगं, पण माझं तुझ्यात चालेल का?" म्हटलं, एकाच पातेल्यातलं जेवतो, एकाच माठातलं पितो, फरक असून असून किती असणार. पिशवी घेऊन गेले. भला माणूस.

बुधवार, ५ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
एक लिटर सहाशे. हितेंद्र म्हणाला, "वा आंटी, एकदम परफेक्ट." ऑपरेशन टळल्यात जमा. चाळीत कोणाला पत्तासुद्धा लागला नाही. राधाबाईंनी फक्त विचारलं, "सुटलीस का गं एकदाची?"

शनिवार, ८ फेब्रुवारी
डॉक्टर बराच वेळ रिपोर्ट बघत होते. म्हणाले, लघवीतून साखर जाते आहे, तीही भरपूर. डायबेटिस कधीपासून? मी पदर सारखा केला. खोटं बोलायचं नाही ही शिकवण, पण साखर कोणाची हे त्यांनी विचारलंच नव्हतं. ते गोळ्या लिहू लागले. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून गुणाजी म्हणाले, "डॉक्टर, ती साखर माझी असावी."

दहा वर्षं हा माणूस रक्त तपासायला तयार नाही. चेहरा पार उतरला होता. मी त्यांचा हात धरला, चारचौघांत पहिल्यांदाच. डॉक्टरांनी रिपोर्ट फाडला. माझं सगळं पहिल्यापासून. आणि यांच्याही किडन्या बघायच्या आहेत. दोघांनी आपापलं आणायचं, म्हणाले. आपापलं हा शब्द दोनदा म्हणाले.

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी ८.२०
दोन कॅन, दोन पिशव्या. पुढे मी, मागे हे. कोणाला कळू नये म्हणून सावकाश चाललो. संडासापाशी रांग होती. राधाबाईंनी सगळ्यांना बाजूला केलं. म्हणाल्या, "सरका रे, आज दोघांची लघवी जमवायची आहे."