मॅनेजर होण्याआधीचे सहा आठवडे

५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. क्लबात 'सहा आठवड्यांत आत्मविश्वास' हा कोर्स लावला आहे. रोसाल्बाबाई शिकवतात. पूर्वी तिथेच पोहायला शिकवायच्या, त्यामुळे अजून दर वाक्याला 'श्वास सोडा' म्हणतात. त्यांचा नियम: रोज स्वतःच्या आत डोकावा, दिसेल ते लिहा.
ध्येय: मॅनेजर. आमचे मालक ओदिलोनसाहेब पायसांदू शहरात गाद्यांचं दुसरं दुकान काढताहेत. इथल्या, साल्तोच्या दुकानात एकोणीस वर्षं गाद्या विकणारा माणूस एकच, तो मी. फक्त त्यांना सांगायचं बाकी आहे. सहा आठवडे पुष्कळ झाले.
एका फीमध्ये जोडप्याला प्रवेश होता, म्हणून निबियालाही नेतो आहे. बायकोला तशी गरज नाही, ती घरी शिवणकाम करते. पण बसेल कोपऱ्यात.
आत डोकावलो. विशेष काही नाही. थंडी फार, इकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा.

६ ऑगस्ट
घरी न्हाणीघरात आरशाचा व्यायाम. स्वतःच्या डोळ्यांत पाच मिनिटं बघायचं. बघताना कानावर एक लांब केस दिसला. तो काढण्यात वेळ गेला. उद्यापासून नीट.
नंतर निबिया आत गेली. वीस मिनिटं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हटलं, साबण गेला का? म्हणाली, नाही रे. संध्याकाळी दुसरा साबण आणला. आपलं बारीक लक्ष असतं.

८ ऑगस्ट
आजचं फीलिंग: ठीक.
बाई म्हणाल्या, 'ठीक' हे फीलिंग नव्हे, ते झाकण आहे. चाळीस चेहऱ्यांचा तक्ता दिला, आपला चेहरा शोधा म्हणाल्या. माझा सापडेना. सतरा नंबरचा जवळपास वाटला, पण तो छपाईचा डाग निघाला.

१२ ऑगस्ट. सकाळी
आज मालकांना सांगणार. ठरलं म्हणजे ठरलं.
संध्याकाळी: वर केबिनमध्ये गेलो. त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तोंडातून निघालं, "साहेब, गुडघा कसा आहे?" गुडघ्यावर ते पंचवीस मिनिटं बोलले. संबंध घट्ट झाले. पाया महत्त्वाचा.

१५ ऑगस्ट
सर्वांत जवळच्या माणसाकडून आपले दोष लिहून घ्यायचे. निबियाने तीन कागद दिले, पाठपोट. सगळं वाचलं. मुद्दा अकरा: 'मी बोलत असते तेव्हा हा थर्मासचं झाकण फिरवत बसतो.' खरं आहे, पण उघडं ठेवलं तर वाफ जाते आणि चहा गार होतो.
शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. लाल पेनने खुणा करून कागद परत दिले. तिने कागद उलटसुलट केले. म्हणाली, "एवढंच वाचलंस?" म्हटलं, अगं सगळं वाचलं, अक्षर सुंदर आहे. ती आतल्या खोलीत गेली. मशीनचा आवाज जेवणाच्या वेळेपर्यंत येत होता.
मी तिचे दोष एका ओळीत आटोपले: 'मीठ जरा जास्त.' उगाच कशाला कुणाचं मन दुखवा.

२० ऑगस्ट
चष्मा घरी विसरलो होतो, तो द्यायला निबिया दुकानात आली. तेव्हा मी पुलापलीकडच्या कॉन्कोर्दियाहून आलेल्या नव्या जोडप्याला स्प्रिंगा समजावत होतो. मुलगी जांभया देत होती. निबियाने मधेच विचारलं, "तुमच्यात आधी कोण उठतं गं? आणि पाठ कुणाची दुखते?" झालं. दोघं तिच्याशी तासभर बोलत बसली आणि दुकानातली सगळ्यात महाग गादी घेऊन गेली. वर दोन उशा.
मालक जिन्यावरून बघत होते. खाली येऊन म्हणाले, "एल्बियो, ही कोण रे?"
"बायको, साहेब."
"मग इतकी वर्षं होती कुठे?"
"घरी."
ते मोठ्याने हसले. आमचं चांगलं जमतं.
तेवढ्यात निबिया त्यांना म्हणाली, "रागावू नका, पण काचेत त्या गाद्या मढ्यासारख्या गुंडाळून ठेवल्यात. प्लास्टिक काढा की." तिच्या वतीने मी माफी मागितली. संध्याकाळी मालकांनी सगळं प्लास्टिक काढायला लावलं. मीच काढलं.

२५ ऑगस्ट, रविवार
काल जुन्या गाण्यांची रात्र. आख्खा गाव नाचायला जातो. आम्ही दरवर्षी जात नाही. यंदा निबिया म्हणाली, चल ना. कोर्सच्या दृष्टीनेही योग्य होतं. बूट घातले. खुर्चीवर बसलो. म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. ती बहिणीबरोबर गेली.
आजचं फीलिंग: पाय गार.
ती सकाळपासून गुणगुणते आहे. कुठलं गाणं ते विचारणार होतो.

२९ ऑगस्ट
एकोणतीस तारीख, म्हणून दर महिन्याला घरोघर असतात तसे बटाट्याचे उकडलेले गोळे, न्योकी. मीठ बेताचं. कोर्सचा गुण.
या आठवड्यात मालकांनी निबियाला तीनदा बोलावलं. खिडकीची मांडणी, पडदे, वगैरे. माझ्या लक्षात आलं आहे: मोठ्या जागेसाठी माणूस निवडताना घरची मंडळीही पारखतात. म्हणजे माझं जवळजवळ नक्की.
जेवताना ती म्हणाली, "एल्बियो, तुला एक सांगायचंय." म्हटलं, कोर्स संपू दे, आत्ता माझी लय लागली आहे. म्हणाली, "लय?" मग म्हणाली, "बरं."

३ सप्टेंबर, मंगळवार
सांगितलं! टाय लावून गेलो. पाठ केलेलं वाक्य एका श्वासात म्हटलं: "साहेब, पायसांदूसाठी मी तयार आहे."
मालकांनी पेन खाली ठेवलं. मग उठून त्यांनी मला मिठी मारली. म्हणाले, "मनाचा मोठा आहेस तू. बायको मॅनेजर होणार म्हटल्यावर दुसरा एखादा नवरा फुगून बसला असता. तू सोबत जायला तयार आहेस!"
म्हटलं, हो तर.
खाली आलो. एक सिंगल गादी विकली. पावती दिली. मग नमुन्याच्या पलंगावर बसलो. तेव्हा अकरा वीस झाले होते.

तीच तारीख, संध्याकाळी
घरी आलो. निबिया म्हणाली, "तीनदा सांगायला आले. एकदा तू आरशात होतास, एकदा तुझी लय लागली होती, आणि एकदा तू घोरत होतास."
अभिनंदन केलं. हात मिळवला. पकड घट्ट, बाई सांगतात तशी.
तिने विचारलं, "तुला काय वाटतंय?"
तक्ता आणायला उठलो. म्हणाली, "तो कागद राहू दे, एल्बियो." राहू दिला. म्हटलं, ठीक.
मग विचारलं, "येणार आहेस?"
म्हटलं, मालकांना सकाळीच सांगितलंय, मी तयार आहे म्हणून.
"मालकांचं नाही विचारलं मी. तुझं विचारतेय."
म्हटलं, यावर आधी आत्मपरीक्षण करावं लागेल, मोठे निर्णय घाईत घेऊ नयेत. ती थांबली. दोघांचा चहा गार होईपर्यंत थांबली. मग कप धुतले.

८ सप्टेंबर
आत्मपरीक्षणाला बसलो. झोप लागली.

१२ सप्टेंबर
कोर्सचा शेवटचा दिवस. प्रत्येकाने स्वतःबद्दल दोन मिनिटं बोलायचं. माझी चार पानं तयार होती. आधी निबिया बोलली.  रोसाल्बाबाईंनी डोळे पुसले. ती काय बोलली ते माझ्याकडून निसटलं, मी पानं चाळत होतो.
माझी पाळी आली तेव्हा बिंगोवाले टेबलं मांडायला आले. बाई म्हणाल्या, एल्बियो, तुमचं आम्ही सगळे जाणतोच. प्रमाणपत्र मिळालं. नाव 'एल्बिया' छापलं आहे.

१५ सप्टेंबर, रविवार
निबिया गेली. एक सूटकेस आणि शिलाई मशीन. बस स्टँडवर मशीन मीच उचललं.
ती बसच्या पायरीवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मीही शिकवल्याप्रमाणे पाच सेकंद डोळ्यांत पाहिलं, मग भुवईकडे. ड्रायव्हर म्हणाला, "काका, चढताय की उतरताय?" तेव्हा कळलं, माझा एक पाय पायरीवर आहे.
म्हटलं, उतरतोय.
खिडकीतून तिला सांगितलं, नीट विचार करून दोन महिन्यांत कळवतो. म्हणाली, "बरं."
आजचं फीलिंग: खांदा. मशीन जड आहे.

२२ सप्टेंबर, रविवार
चार वाजता निबियाचा फोन. "कसा आहेस?" म्हणाली. या वेळी नुसतं 'ठीक' म्हटलं नाही. मोकळेपणाने बोललो. सिलिंडर बदलला, न्हाणीघराचा नळ गळतो, शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली, मालकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, नवीन फोमचा माल आला. छत्तीस मिनिटं. ती ऐकत होती. मधे फक्त 'हं' म्हणायची. शेवटी म्हणाली, "ठेवते रे. उद्या लवकर उघडायचंय." कोर्सचा फायदा दिसतो आहे. इतकं मी आयुष्यात बोललो नव्हतो.
पाच वाजता चहा केला. तेव्हा लक्षात आलं, ती कशी आहे ते विचारायचं राहिलं.
याआधी कधी विचारलं होतं, ते आठवायला बसलो.
आता साडेसात.