हुबेहूब

११ ऑगस्ट

पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा माती खाल्ली!

शिवांजली तिच्या पुण्याच्या दादाची गोष्ट सांगत होती – कंपनीतल्या साहेबाला त्याने कसं सुनावलं वगैरे. साक्षी नेहमीप्रमाणे "कसला भारी गं!" करत होती. मी म्हणाले, "पर मागल्या मंगळवारी तर तू म्हणालीस, दादाच रडला म्हणून." म्हणालीच होती. मंगळवारी सकाळी, केस विंचरताना, पिवळा टॉप घातला होता. मी काय खोटं बोलले? मग शिवांजली म्हणाली, "बाई, तुम्हाला कुणी विचारलं का?" आणि दोघी हसल्या.

बाई म्हणजे मी. आटपाडीहून इथे साताऱ्यात बी.एस्सी.ला आले, पहिल्या दिवशी नाव सांगितलं – मनुबाई – आणि वर्ग फुटला हसून. आजीचं नाव आहे. ती गेली त्याच वर्षी मी जन्मले, म्हणून अप्पांनी तिचंच ठेवलं. ती मोकळी झाली, मी अठरा वर्षं वागवतेय. लिहिते ते शुद्ध, पण तोंड उघडलं की आटपाडी बाहेर पडते.

खोलीतली चौथी खाट प्रांजलची. मेढ्याची आहे. ती हसली नाही. गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाली, "समदं ध्यानात राहिलं तरी समदं बोलायचं नसतं गं, मनू."

मग ध्यानात ठेवायचं कशाला?

१२ ऑगस्ट

आज अकरा वाक्यं बोलले. मोजून. एकही चुकलं नाही. कुणाला पत्ताही लागला नाही!

१९ ऑगस्ट

प्रांजलचा डबा रोज मेढ्याच्या एसटीने येतो. तिची आई पहाटे उठून करते, ड्रायव्हरच्या शेजारी ठेवते, आणि ही नऊ वाजता स्टँडवर जाऊन घेऊन येते. आज दोन डबे घेऊन आली. दुसऱ्यावर कागद चिकटवलेला – मनू.

"आई म्हणाली, आटपाडीवनं काय डबा येणार? पोर मेसचं खाऊन वाळंल."

नाचणीची भाकरी, घेवडा, लोणचं. अधाशासारखी खाल्ली. डबा घासून परत दिला तर प्रांजल म्हणाली, "रिकामा डबा माघारी धाडत नसत्यात गं. चिमूटभर साखर तरी घालावी." हे असलं मला कुणी आधी का सांगत नाही! साखर घातली.

खरं लिहायचं तर मला प्रांजलचा राग येतो. उपकार करते आणि तेही इतकं सहज, की तोंडावर मारता येत नाही. भाकरी गोड लागते म्हणून आणखी राग येतो.

३० ऑगस्ट

जमलं! आज जमलं!

घरमालकीण काकू खालून ओरडल्या, रोजच्यासारख्या. त्या गेल्यावर मी सहज – अगदी सहज – तोच आवाज काढला. "गिझर बंद केला का गं? का सूर्यनारायण कोंडून ठिवलाय आत?" साक्षी दचकून दाराकडे बघायला लागली. शिवांजली खाटेवर लोळून हसली. डोळ्यांतून पाणी. "बाई, परत! परत एकदा!" सात वेळा काढला.

यात काय आहे, मला लहानपणापासून येतं. एकदा ऐकलं की घशात बसतं. आठ वर्षांची होते तेव्हा आमच्या कळपातलं एक कोकरू मेलं. मी बाभळीमागे लपून त्याचा आवाज काढला. त्याची आई कळप सोडून धावत आली, कास तटतटलेली. मला हुंगलं, थोडा वेळ उभी राहिली, गेली. दुसऱ्या दिवशी काढला, पुन्हा आली. अप्पा म्हणाले, "तिला कळलंय, तू हायस ते. तरी येती. नगं काढूस गं, पाप लागंल." मी चार दिवस काढला. मला बघायचं होतं, यायची कधी थांबते. थांबली नाही. पाचव्या दिवशी मलाच कंटाळा आला.

८ सप्टेंबर

काकूंच्या घरचा गणपती. आरतीला आम्ही चौघी. वर आल्यावर मी काकूंचे यजमान, सुभेदारसाहेब, काढले – शेवटची ओळ सगळ्यांच्या पुढे जाऊन संपवतात आणि मग चोरासारखे वाट बघतात. मग केमिस्ट्रीचे सर. मग साक्षीला काढलं तिच्यासमोरच, "कसला भारी गं!" – ती रडायच्या बेतात आली. शिवांजली हसली, म्हणून तीही हसली.

आता मी शिवांजलीसारखीच बोलते. नुसते शब्द नाहीत, ती "अगं" म्हणताना मान टाकते ती मानसुद्धा. तिला कळलेलं नाही. तिला वाटतं मी सुधारले.

१५ सप्टेंबर

अप्पांचा फोन. "हो अप्पा, जेवले मी," म्हणाले.

"कोण बोलतंय?"

"मीच, मनू."

"मग नीट बोल की."

नीटच बोलत होते! फोन लवकर ठेवला.

२२ सप्टेंबर

प्रांजल अंघोळीला गेली की तिचा नंबर लागतो. शिवांजलीची फर्माईश. मी प्रांजलचं ते रोजचं आईशी बोलणं काढते – "व्हय आई. जेवले आई. मनूनंबी खाल्लं आई." प्रत्येक वाक्याला आई लावते, जसं काही नाही लावलं तर आई हरवेल.

आज ती लवकर बाहेर आली. दारात ओल्या केसांनी उभी. मी थांबले नाही. थांबले असते तर चोरी कबूल केल्यासारखं झालं असतं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "लय हुबेहूब गं! माझी आईबी फसंल."

रागावली असती तर बरं झालं असतं. शिवांजलीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोक्यात काय आलं ते मला तिथेच कळलं.

६ ऑक्टोबर

काकू वर आल्या. "दिवाळीनंतर तीनच पोरी ठिवणार मी. चौघीत दिवसाला दोनदा टाकी रिकामी व्हती. तुमचं तुमी ठरवा."

म्हणजे शिवांजली ठरवणार. साक्षी तर तिची सावली. राहिल्या प्रांजल आणि मी. प्रांजल शिवांजलीला नोट्स उतरवून देते, तिचे कपडेसुद्धा आत आणते. मी फक्त हसवते. वसतिगृहाची यादी जुलैतच बंद झाली. अप्पांनी आधीच सांगितलंय, चांगल्या घरच्या पोरींच्या सोबतीनं राहायचं तर रहा, न्हाईतर घरला ये. घरी म्हणजे कळप, बाभळी, आणि संध्याकाळी मेंढ्या मोजणं.

मी जाणार नाही. मी पहिल्यांदा कुठेतरी आत आले आहे.

१४ ऑक्टोबर

सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळी सात. प्रांजल अंघोळीला. शिवांजली म्हणाली, "बघू तर, फसते का तिची आई. उद्या डब्यात पुरणपोळी पाठव म्हण. बास." प्रांजलचा फोन उशाशी. पॅटर्न मी ऑगस्टमध्येच एकदा बघितलेला.

"आई."

"काय गं? एवढ्या सकाळचं?"

पुरणपोळी माझ्या जिभेवर होती. खरंच होती. आणि मग मला तीन खाटा दिसल्या.

"आई, डबा नगं धाडूस आता. पोरी हसत्यात आई. तुझ्या भाकरीला, त्या फडक्याला. मला लाज वाटती."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "बरं." आणि पुढे, "मनूला तरी धाडू का? लांबची पोर हाय ती."

"नगं आई. तीच लय हसती."

एक मिनिट बेचाळीस सेकंद. शिवांजली तोंडावर हात घेऊन बसलेली. "अगं, मी पुरणपोळी म्हणाले होते." मग बाथरूमची कडी वाजली आणि मग ती हसायला लागली. ती हसली म्हणून साक्षी हसली.

मला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी होईल. भूक लागली.

१६ ऑक्टोबर

कालही डबा नाही, आजही नाही. प्रांजल दोनदा स्टँडवर जाऊन आली. "गाडी चुकली आसंल," म्हणते. स्वतःच्या पैशाने दोन वडापाव आणले. एक माझ्यासाठी.

खाल्ला.

१९ ऑक्टोबर

चौदा तारखेपासून प्रांजलची आई फोन उचलत नव्हती, आज उचलला. गॅलरीत अर्धा तास. आई आधी "कामं हायत" म्हणत होती, मग डब्याचं ते बोलणं तिच्या तोंडून बाहेर पडलं. प्रांजल नुसती "मी न्हाई बोलले आई, शपथ आई" करत होती. त्यावर आई म्हणाली असणार, की आता खोटंही बोलतेस. कारण प्रांजल एकदम गप्प झाली. संध्याकाळी तिच्या बाबांचाही फोन आला, जम्मूहून. ते लष्करात आहेत. त्यांचा आवाज इथपर्यंत ऐकू येत होता – शहराची हवा लागली, आईची लाज वाटते, बोरियाबिस्तर उचल आणि घरी जा.

२० ऑक्टोबर

प्रांजल माझ्या खाटेवर येऊन बसली. फोन पुढे केला. चौदा तारीख, सात वाजून चार मिनिटं, आईला केलेला फोन.

"मनू, तुझ्या समदं ध्यानात असतं. मला कायबी आठवंना. त्या दिवशी मी आईला काय बोलले गं?"

शिवांजली नखं रंगवत होती. ब्रश थांबला. साक्षी पुस्तकात.

या खोलीत माझ्या आठवणीवर कुणाचाच अविश्वास नाही. पहिल्या महिन्यात त्याच आठवणीपायी मला कुणी जवळ करत नव्हतं, आता तीच कामाला आली.

"बोललीस," मी म्हणाले. "डबा नको म्हणालीस. मी ऐकलं."

"मी?"

"झोपेत असशील. पण बोललीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली घेतली नाही – हेही शिवांजलीकडून शिकले. मग तिची नजर माझ्या डोळ्यांवरून खाली आली, तोंडावर. माझ्या तोंडाकडेच बघत होती. मग उठली आणि बॅग भरायला लागली.

२७ ऑक्टोबर

प्रांजल गेली. मामा जीप घेऊन आलेले. दिवाळीला जाते म्हणून काकूंना सांगितलं, पण गादीसकट सगळं नेलं. कॉलेज आता मेढ्यालाच करणार. काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई, मला कुणाला काढाय नगं." शिवांजलीने प्रांजलला मिठी मारली, "मिस यू गं," आणि डोळेसुद्धा ओले केले. कमाल आहे!

माझ्या नावाचा डबा मात्र माझ्याच खाटेखाली राहिला.

२८ ऑक्टोबर

डबा मेढ्याच्या गाडीने परत धाडला. साखर घालून. नियम म्हणजे नियम.

१२ नोव्हेंबर

दिवाळी करून परत. तीन खाटा, आता मधे चालायला जागा आहे. शिवांजली मला मनू म्हणायला लागली! तिच्या वाढदिवसाच्या फोटोत मी मधोमध. खाली साक्षीने लिहिलंय – आम्ही तिघी.

एवढंच हवं होतं ना मला? मग झालं तर.

२१ नोव्हेंबर

शिवांजली अंघोळीला जाताना फोन आत नेते. आधी नेत नव्हती. साक्षीने पॅटर्न काढून बोटाचा ठसा लावला. घरच्यांशी बोलायचं तर दोघी जिन्यात जातात, आणि मी वर आले की गप्प होतात.

कुणी काही म्हणत नाही. हसतात, डबल हसतात. काल मी गंमत म्हणून शिवांजलीचाच आवाज काढला. तिने आधी स्वतःचा फोन उचलून हातात घेतला. "ए, माझा नाही काढायचा हं. कधीच नाही."

३० नोव्हेंबर

अप्पांना फोन लावला. ठरवून आटपाडीचं बोलले – "आप्पा, जेवलासा का?" ते म्हणाले, "आता आमची टवाळी करतीस व्हय गं?"

टवाळी नव्हती. खरंच नव्हती!

९ डिसेंबर

प्रांजलच्या आईचा फोन. शिव्या येणार म्हणून कानापासून लांब धरला.

शिव्या आल्या नाहीत. "मनू, त्या दिवशी तूच हुतीस. प्रांजलनं घरी आल्या आल्या सांगितलं. मी इस्वास ठिवला न्हाई, हात उचलला तिच्यावर. तवापास्नं माझ्यासंगं बोलत न्हाई. घरात हाय, जेवती, भांडी घासती. पर एक शबुद न्हाई."

मागे कुकरची शिट्टी झाली.

"तू काढ तिचा आवाज. एकदा आई म्हण."

मी म्हटलं, "आई."

मग म्हणाली, "जेवलीस का?"

"व्हय आई. जेवले आई."

"बरं," ती म्हणाली. "उद्या करती परत. ह्याच टायमाला."