झोपाळ्याचे आठ बोल्ट

सोमवार, ५ मे. दुपारी ४ वाजून २० मिनिटं.
चोरी झाली आहे. वेळ मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर पुढे लोक म्हणतील, केव्हातरी झालं असेल. झोपाळ्याचे आठ लांब बोल्ट पिशवीत नाहीत. शनिवारी भिंगरीच्या खेळण्यांच्या संचाचं खोकं उघडलं तेव्हा मी स्वतः मोजले होते आणि पिशवी मागच्या पायरीवर ठेवली होती. परसात शिडी उभी आहे, घसरगुंडी उभी आहे, झोपाळा गवतावर आडवा. घरात माणसं तीन. मी, माझी लेक आणि नात भिंगरी, वय वर्षं सात. मी संशयाच्या बाहेर आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
डोकं शांत व्हावं म्हणून झालेलं काम लिहिते. शेजारचे सुतार शनिवारी कुंपणावरून म्हणाले होते, बाई, येऊ का मदतीला? मी म्हटलं, एकतीस वर्षं शाळा उभी ठेवली, चार लाकडं उभी करता येतील. माहितीपुस्तिकेची दोन पानं वाचली. उरलेली ज्यांना समज कमी त्यांच्यासाठी असावीत.
काल मी त्यात माझी एक सुधारणा केली. शिडीला लागून स्वतःसाठी उंच खुर्ची बसवली, देखरेखीची. मुलं खेळणार हे कंपनीला सुचलं, त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार हे सुचलं नाही. खुर्ची जराही डुगडुगत नाही. लेक म्हणाली, आई, हे खेळायला आहे की परीक्षेला? दुर्लक्ष केलं.
भिंगरीने सांगितलंय, झोपाळा झाला तर सगळी सुट्टी इथेच. नाहीतर गुरुवारी तिच्या दुसऱ्या आजीकडे, म्हणजे आमच्या विहीणबाईंकडे. तिथे मांजरीची पिल्लं आहेत. माझ्याकडे झोपाळ्याशिवाय दाखवण्यासारखं काही नाही.

मंगळवार, ६ मे. सकाळी १०.
चौकशी सुरू. मी खुर्चीत, भिंगरी समोर गवतावर. तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हणाली, पण नजर खाली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर नुसत्या वर्गात आल्या की चोर आपोआप उभा राहायचा. लेकीने मध्ये तोंड घातलं, अगं आई, तिला बोल्ट कशाला हवेत? मी म्हटलं, तेच तिने सांगायचं आहे. खरं सांगेपर्यंत घसरगुंडी बंद.

सकाळी ११.१५.
कबुली मिळाली! सव्वा तास लागला. शिस्तीचा विजय.
बोल्ट कुठे आहेत, विचारलं. म्हणाली, मातीत पुरले. जागा दाखव म्हटलं तर म्हणाली, नाही, नळाच्या मोरीत टाकले. मोरीवर जाळी आहे. मग म्हणाली, गिळले. आठही. एकेक बोल्ट वीतभर आहे.
तरीही तिच्याकडून लेखी घेतलं. ‘मी बोल्ट घेतले.’ खाली सही. कागद फाइलमध्ये. लेक भिंगरीचा हात धरून तिला घरात घेऊन गेली. तिला लहानपणी मी फार मोकळं सोडलं, त्याचा परिणाम.

बुधवार, ७ मे. सकाळी ९.३०.
नवे बोल्ट मिळतील का म्हणून सुतारांना बोलावलं. मदतीसाठी नाही, माहितीसाठी. त्यांनी सगळ्याला एक फेरी मारली, मग माझ्या खुर्चीखाली वाकले. तिथून मोजल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. आठला थांबले. म्हणाले, बाई, हे बघा तुमचे बोल्ट.
मी म्हटलं, ते खुर्चीचे आहेत.
म्हणाले, खुर्ची खोक्यात आली होती?
नाही म्हटलं. त्यावर ते गुडघ्यांवरची माती झटकू लागले. बोलायला हवं होतं. काहीतरी उद्धट बोलले असते तर मला उत्तर देता आलं असतं.
आता घडलं ते असं. रविवारी माझ्याकडचे बोल्ट आखूड पडत होते. पायरीवरचे हाताशी होते. तात्पुरते वापरले, नोंद करायची राहून गेली. देखरेखीसाठी, म्हणजे मुलीच्याच हितासाठी. वस्तू घराबाहेर गेलेली नाही, तेव्हा चोरी हा शब्द लागू होत नाही.
सव्वा तास मी त्यांच्यावर बसून होते.

दुपारी ३.
सकाळी सुतार मोजत होते तेव्हा भिंगरी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर ओरडेल. तिने आईचा पदर ओढून हळूच विचारलं, मग आता मी खोटं बोलले म्हणून शिक्षा आहे का?
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. लेक म्हणाली, आई, तू आता काही बोलू नकोस.
दोनच्या सुमारास बॅग भरून दोघी निघून गेल्या. गुरुवारचीही वाट पाहिली नाही.

शुक्रवार, ९ मे.
सुतारांनी झोपाळा टांगला. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली, मोठ्याने, मी. बोल्ट आवळायचा पाना त्यांच्या हातात. झोपाळा उत्तम झुलतो. मजबुती तपासायला म्हणून मी बसले. सुतार तोंड फिरवून कुंपणाकडे बघत राहिले.
फोन केला. विहीणबाई म्हणाल्या, भिंगरी अंघोळीला गेली आहे. दुपारी केला, अंघोळीला. संध्याकाळी केला, अंघोळीला. एवढी स्वच्छ मुलगी आमच्या घराण्यात झाली नाही.

रविवार, ११ मे. सकाळी ८.
पत्राचे चार मसुदे झाले. पहिल्या तिन्हींत दुसऱ्याच ओळीत ‘परंतु’ आला. फाडले. चौथा उद्या टाकणार, त्याची प्रत इथे.

भिंगरीस,
बोल्ट मी घेतले होते. तू घेतले नाहीस, पुरले नाहीस, गिळले नाहीस. तू खोटं बोललीस, कारण खरं बोललीस तेव्हा मी ऐकलं नाही. तीनदा. त्याची शिक्षा तुला नाही. मला काय द्यायची ते तू ठरव. तुझा कागद परत पाठवते. तो तू फाड, मला फाडायचा हक्क नाही.
खुर्ची काढून टाकली आहे.
तू येणार आहेस की नाही, ते शनिवार, १७ मे, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ लिही, पण लिही. शुद्धलेखन तपासणार नाही.
आजी