डाव्या बाजूचा एक नॉर्मल माणूस

३ जून
संकल्प: आपल्या लोकांच्या हृदयाच्या नॉर्मल रक्तवाहिन्या किती रुंद असतात, यावर यंदा पेपर लिहायचाच. बॉस म्हणाले, तुझ्याच्याने होणार नाही. बघू. अँजिओग्राफीत ब्लॉक नसलेलेच मोजायचे. बाकीचे माझ्या काय कामाचे?

१९ जून
मोजमाप झकास. हृदयाच्या मागच्या भिंतीला बहुतेकांत उजवी वाहिनी रक्त पुरवते, थोड्यांत डावी. हे 'डावे' मिळेनात. त्यांच्याशिवाय पेपर लंगडा.
जिना चढताना छातीत जळजळ. ॲसिडिटी. उद्यापासून चहा बंद.

२० जून
चहा उद्यापासून.

२ जुलै
डावा मिळाला! एक म्हातारे शिंपी. पण मुख्य वाहिनीतच ब्लॉक. ज्युनिअरला म्हटलं, "डावा होता रे, पण वाया गेला." शिंपीबुवा टेबलावर जागे आहेत, हे ध्यानातच राहिलं नाही. विचारत राहिले, कोण वाया गेलं? पेपर, म्हटलं. खोटं नव्हतं.

११ जुलै
बायको म्हणते, दर मजल्याला थांबता, एकदा दाखवून घ्या. तिला सांगितलं, तुझ्यासाठी थांबतो. ती माझ्या पुढे होती.

१८ जुलै
सुचलं! मी डावखुरा. हाताचा नि हृदयाचा शास्त्रात काही संबंध नाही, पण शास्त्राने माझं हृदय कुठे पाहिलंय? मीच टेबलावर झोपणार. विनाकारण अँजिओग्राफी करत नाहीत, म्हणून बॉसना थाप मारली: जिना चढताना छातीत दुखतं, डाव्या हातात कळ येते. (कळ येते, पण ती माऊसमुळे.) बॉस बघतच राहिले. अभिनय जमला.

२० जुलै, दुपार
टेबलावर पडल्या पडल्या स्क्रीन माझ्याकडे वळवायला लावला. डावा! मी खरंच डावा! अभिनंदन मात्र कुणीच केलं नाही. मग दिसलं. डावी मुख्य वाहिनी उगमापाशीच दोऱ्याएवढी उरलेली, आणि माझं सगळं हृदय तिच्यावरच.
ज्युनिअर हळूच बॉसना म्हणाला, "सर डावेच होते, पण वाया गेले."
पेशंटला ऐकू येतं रे, असं त्याला सांगायचं होतं. भीती वाटली. खूप.
उद्या सकाळी बायपास. बायकोने दाराशीच विचारलं, काय निघालं? म्हटलं, बाकीच्या वाहिन्यांची रुंदी सरासरीपेक्षा चांगली आहे. तिने बॉसकडे पाहिलं. बॉसनी खाली पाहिलं.
पेपरातून मला वगळलंय. नॉर्मल नाही म्हणून.
आजपासून चहा बंद. सिस्टर म्हणाल्या, रात्रीपासून पाणीही बंद.