छतातली सत्त्याण्णव फुलं

मंगळवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही आहोत तसे आहोत. आईचा गुडघा थंडीत आखडला होता, आता जिना धरून धरून उतरते. तू मजेत असशीलच. पेपरात तुझा अर्ध्या पानाचा फोटो आला, त्यात तरी तब्येत छान दिसते आहे. केस पांढरेच ठेवलेस ते बरं केलंस, तुला काय, सगळंच शोभतं. मी रंगवते, तर ऑफिसातल्या मुली विचारतात, मॅडम, कुणाच्या लग्नाला निघालात?

फोटोखाली लिहिलं होतं, ‘जनरलच्या सभागृहाचं छत घडवणाऱ्या कारागिराची कन्या’. त्या कारागिराला कन्या दोन होत्या, पण पेपरवाल्यांना जागा कमी पडली असणार.

मुलाखत आईला वाचून दाखवली. तिने ऐकली आणि पाणी मागितलं, एवढंच. ‘जुलूम माणसांनी केला, भिंतींनी नाही’ हे तुझं वाक्य शेजारच्या मास्तरांना पाठ झालंय, भेटेल त्याला ऐकवतात. बोलण्यात तू पहिल्यापासून पटाईत. इतक्या लांब राहून असं बोलणं सोपं जात असेल. माझी बस रोज त्या इमारतीवरून जाते. जनरलची सत्ता जाऊन इतकी वर्षं झाली, पण तो कोपरा आला की बसमधली म्हातारी माणसं अजून बोलायची थांबतात.

आता कामाचं. सभागृह जपायचं की पाडायचं, ते समिती सव्वीस तारखेला ठरवणार, हे तुला मी काय सांगायचं! जपा म्हणणाऱ्यांची पुढारी तूच. समितीने छताची तपासणी नगरपालिकेकडे दिली आणि साहेबांनी ती माझ्याकडे. तीस वर्षं लोकांच्या गॅलऱ्या आणि गच्च्या तपासते आहे, दुसऱ्या कोणाला देणार? चार दिवस वर चढून पाहिलं. प्लास्टरची एकशे चौसष्ट फुलं आहेत, त्यातली सत्त्याण्णव पोकळ निघाली. प्लास्टरला मागून धरून ठेवणारा ताग कुजलाय, पकड सुटलीय. असं छत लोकांच्या डोक्यावर ठेवता येत नाही. आणि छत वगळलं तर त्या इमारतीत जपण्यासारखं काही नाही, हे तूच मुलाखतीत म्हणालीस. तसा अहवाल मी दिलाय.

वाईट वाटून घेऊ नकोस. प्लास्टरच ते, त्यालाही वय असतं. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

फोनवर आपण दोघी भांडतो म्हणून लिहिलं. आईचे आशीर्वाद.

तुझी धाकटी


रविवार, २१ मार्च

प्रिय ताई,

पत्र मिळालं. दोन ओळींत विचारपूस आणि दोन पानं उलटतपासणी! कशाने ठोकलं, वरून की खालून, प्रत्येक फूल दोन ठिकाणी ठोकलं का, आवाज कसा आला. अगं, लाकडी हातोडीने ठोकायचं आणि कान द्यायचा, पक्कं असलं की टक्क वाजतं, पोकळ असलं की ढब्ब. हे मला कोणी शिकवायला नको. आणि वर विचारतेस, ‘बाबांच्या हातची पकड सुटलेली तू कधी पाहिलीस का?’ मी कुठून पाहणार? त्यांच्या शेडमध्ये तू जायचीस. मला कोणी नेलं नव्हतं.

असो. शुक्रवारची सुनावणी कशी झाली ते तुझ्या दाढीवाल्या प्रोफेसरांनी कळवलंच असेल. चांगले बोलले ते. इमारत पुरावा आहे, पुरावा कोणी पाडतं का, वगैरे. ऐकायला आलेली निम्मी माणसं तरी त्यांच्या बाजूला झुकली होती. मग मी उठले. तपासणी अधिकारी म्हणून नाही, भाची म्हणून.

तुझ्या मुलाखतीत मामाचं नाव कुठे आलं नाही, म्हणून आठवण करून देते. बाबा त्या छतावर काम करत होते, त्याच्या दुसऱ्या वर्षी आपल्या मामाला छापखान्यातून उचलून त्याच इमारतीच्या तळघरात नेलं. तो परत आला नाही. बाबा दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तिसऱ्या दिवशी गेले, छत पुरं होईपर्यंत जात राहिले. आईने त्यांचा डबा भरायचं सोडलं नाही, त्यांच्याशी बोलायचं सोडलं. त्या दिवसापासून घराच्या वाटण्या झाल्या. तू बाबांच्या बाजूला, मी आईच्या. मला कोणी विचारलं नव्हतं.

हे सगळं मी माइकसमोर सांगितलं. म्हणाले, ज्या छताखाली माझा मामा गेला, ते छत सुंदर आहे म्हणून जपायचं का? बोलता बोलता रडू आलं. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आणि टाळ्या, ताई! थांबेचनात. तुला हे दर महिन्याला मिळतं, त्याची गोडी काय असते ते मला पन्नासाव्या वर्षी कळलं. खाली उतरले तेव्हा कोणीतरी माझा हात हातात धरला आणि सोडला नाही.

घरी आले तर आईने रेडिओ बंद करून ठेवलेला. सुनावणी रेडिओवर लागली होती, सगळं ऐकलं होतं तिने. मला वाटलं, जवळ घेईल.

ती म्हणाली, “तो गेला तेव्हा तू केवढी होतीस?”

“पाच वर्षांची.”

“त्याचं तोंड आठवतं तुला?”

“नाही गं.”

“मग रडलीस कुणासाठी?”

दोन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. बाबांशी बोलत नव्हती तशी. मी तिची बाजू घेतली, हाच माझा गुन्हा! तुला लिहून काय उपयोग म्हणा, तुला आईचं गप्प बसणं कधी सोसावं लागलंच नाही.

धाकटी


बुधवार, २४ मार्च

प्रिय ताई,

रविवारचं पत्र पोचतं न पोचतं तोच हे. तुला पोचेपर्यंत समितीचा निर्णय होऊन गेला असेल. तुझ्याकडून काही करवून घेण्यासाठी मी हे सांगत नाही, हे तरी त्यावरून कळेल.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ती सत्त्याण्णव फुलं मी ठोकून पाहिलीच नव्हती.

पहिल्या दिवशी मी छताच्या वर, माळ्यावर शिरले. तिथे उभं राहता येत नाही, फळ्यांवर पोटाने सरकावं लागतं. बॅटरीच्या उजेडात फुलांच्या पाठी दिसतात. पहिली दहाबारा मी नीट ठोकली, दगडासारखी पक्की. मग एका फुलाच्या पाठीवर अक्षरं दिसली, खिळ्याने कोरलेली. बाबांचंच अक्षर, वरची रेघ न देणारं. ‘मुकादम पास’.

आधी वाटलं, असेल कोणी तेव्हाचा मुकादम. मग लख्ख आठवलं. बाबा तुला मुकादम म्हणायचे. तू आठ वर्षांची, शेडमध्ये उलट्या बादलीवर बसायचीस, आणि साच्यातून निघालेलं फूल बाबा आधी तुझ्यापुढे धरायचे, “काय मुकादम, पास?” तू पाकळी न् पाकळी बघून मान हलवायचीस. एकदा तू नापास केलेलं फूल त्यांनी खरंच फोडून टाकलं, हे तू जेवताना किती वेळा सांगितलंस! आई आणि मी खाली बघून जेवायचो. तू पास केलेल्या फुलावर ते ओलं असतानाच बाबा हे कोरत होते, ते मात्र मला माहीत नव्हतं.

पुढच्या फुलावर, मुकादम पास. त्याच्या पुढच्यावर, मुकादम पास. सत्त्याण्णव ठिकाणी. उरलेली सदुसष्ट कोरी, ती तू शाळेत असायचीस त्या दिवसांची असणार.

मी माझं नाव शोधलं, ताई. चार दिवस तपासणी केली म्हणून कळवलं होतं ना, त्यातले तीन दिवस मी तेच करत होते. पन्नाशीची बाई, तोंडावर कोळिष्टकं, भोकं पडलेल्या साडीनिशी प्रत्येक फुलामागे बॅटरी मारत होते. नाव नको, एखादी रेघ तरी. ‘धाकटी’चा ‘ध’. काही नाही. तीस वर्षं मी पास-नापास लिहिते आहे, चार मजली इमारती माझ्या सहीसाठी अडून राहतात, आणि माझ्या बापाला तुझी नुसती मान पुरत होती. खाली आले, फॉर्म काढला. कोरी फुलं ‘पक्की’ लिहिली. तू होतीस तिथे तिथे ‘पोकळ’ लिहिलं. हातोडी पिशवीतच होती.

मामाला मी नंतर पुढे केलं. मामा आधी आठवला असता तर निदान पाडायचं काही खरं कारण तरी असतं. लोकांकडे ते आहे. त्या पुढच्या रांगेतल्या बायकांकडे आहे, आणि त्यांनी माझ्यापुढे डोळे पुसले. मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते. आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला तेव्हाच माहीत होतं, मला कळायला दोन दिवस लागले.

सोमवारी आणि मंगळवारी मी परत वर गेले. एकशे चौसष्टच्या एकशे चौसष्ट ठोकली, तू म्हणालीस तशी दोन-दोन ठिकाणी. सहा पोकळ निघाली. सहातली पाच कोरी. तू पास केलेल्यातलं एकच. त्या एकाचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

नवा अहवाल आज दिला. साहेब चांगले आहेत, म्हणाले, “नजरचूक लिहा आणि विषय संपवा.” मी लिहिलं, ‘सत्त्याण्णव फुलं न तपासता पोकळ नोंदवली.’ वाचून त्यांनी चष्मा काढला.

“का पण?”

“घरगुती कारण.”

त्यांनी अहवाल फायलीत लावला. चौकशी होईपर्यंत मला तपासणीवर जायचं नाही, टेबलावर बसून जुनी कागदपत्रं लावायची. नोकरी राहील असं त्यांना वाटतं. मला वाटत नाही. तुझं छत मात्र आता पडायचं नाही. प्रोफेसर म्हणतात, नव्या अहवालानंतर समितीपुढे पाडायला कारणच उरलं नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. फुलांच्या पाठीचंही. ती म्हणाली, “ताईने तिथे काय काय करायचं ठरवलंय, ते वाच.” तू समितीला दिलेला आराखडा मी काढला. मुख्य सभागृह, कारागिरांची गॅलरी, मुलांसाठी चित्रकलेचे वर्ग. तळघरात कॉफीची खोली आणि पुस्तकांचं दुकान.

“कुठे म्हणालीस?”

“तळघरात.”

“परत वाच.”

मी परत वाचलं. मग तिने मला जे सांगितलं ते तुलाही माहीत नसेल. मामाला नेल्यावर आई रोज दुपारी मागच्या दारावर डबा घेऊन जायची. पहारेकरी डबा आत न्यायचा, तासाने रिकामा आणून द्यायचा. धुतलेला असायचा. आईला वाटायचं, जेवतोय, म्हणजे जिवंत आहे. एकवीस दिवस तिने तो डबा नेला. मामा दुसऱ्याच दिवशी गेला होता, हे तिला जनरल पळाल्यावर कळलं. “माझ्या भावाचं जेवण तिथं कोणीतरी बसून जेवत होतं,” ती म्हणाली, “आता परत तिथं लोक खायला बसणार का?”

मी विचारलं, “मग पाडायला हवं होतं का गं?”

“पाडू नका. पाडलं तर ती खोलीही जाईल. मग मी कुठे गेले होते डबा घेऊन, ते कोणाला दाखवू?”

आणि मग म्हणाली, “मुकादमला लिही. म्हणावं, वर बघून झालं असेल तर आता खाली उतर.”

ताई, बाबांनी तुला ठेवलेलं ते नाव आईच्या तोंडून मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. तिने ते इतकं सहज घेतलं, जणू रोज मनात घेत असेल. बाबा तुझे, हे मी लहानपणीच सोडून दिलं होतं. आई तेवढी माझी होती. तिचं बोलणं नसलं तर नसलं, तिचं गप्प बसणं तरी माझं होतं. आणि इतक्या वर्षांनी तिला काही मागायचं झालं, तर तिने माझ्याकडे मागितलं नाही, तुला लिहायला सांगितलं.

निरोप पोचवते आहे, जसाच्या तसा. ती खोली रिकामी ठेव. नाहीतर तू स्वतः ये आणि आईला समोर बसून सांग की ते जमणार नाही. गाडी कळव, मी स्टेशनवर येईन. वाटेत तुझ्याशी धड बोलेनच, असं मात्र गृहीत धरू नकोस.

तुझा हेवा करता करता म्हातारी होत चाललेली,
तुझीच बहीण